गालातली गोळी
मी पदवीधर झालो तो आमच्या खुटबाव गावात घरोघरी औषधं देणाऱ्या आशाताईंमुळे. परवा औषधांच्या दुकानात गोळ्यांचा तो ओळखीचा उग्र वास आला आणि त्याच आठवल्या. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मला टीबी झाला होता. दोन महिन्यांत खोकला थांबला, पण गोळ्यांनी मळमळायचं, लघवी नारिंगी व्हायची, अभ्यासाला बसवत नसे. म्हणून ताई रोज घरी येऊन समोर घ्यायला लावत त्यातली मोठी लाल गोळी मी जिभेखाली धरायचो आणि ताई गेल्या की उसात थुंकून टाकायचो. ताईंना संशय आला. गोळ्या दिल्या की त्या म्हणायच्या, "आता टीबी झालेली थोर माणसं सांग, मोठ्यानं!" म्हणजे तोंड उघडावंच लागे. विलायतेतला तरुण कवी, डॉक्टर असलेला नाटककार, अंधांची लिपी शोधणारा शिक्षक, असं मी रोज ओट्यावर घोकायचो. गोळी गालात सरकवून घोकायलाही शिकलो. एकदा शेजारचे आप्पा कौतुकानं म्हणाले, "लई मोठी माणसं हायेत की! मंग बरी कवा झाली?" ताई गडबडल्या. "न्हाई झाली, आप्पा. गेली." "समदीच?" "समदीच. तवा ह्या गोळ्या कुठं व्हत्या?" आप्पांनी मला तिरडीचं माप घेतल्यासारखं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी पाणीसुद्धा न मागता गालातली गोळी गिळली. त्यानंतर एकही थुंकली नाही. निकाल लागल्यावर शिरूरच्या कॉलेजातून ताईंना पत्र पाठवलं: "ताई, तपासणीत आजार सापडला नाही आणि बी.ए.ला दुसरा वर्ग मिळाला. आप्पांना सांगा, एक जण वाचला."