निर्जळी रविवार

खरं सांगायचं तर त्या वर्षी माझं खंडोबाशी बिनसलंच होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहायचो, ड्यूटीआधी रुळांकडेच्या वाटेनं धावायचो. यवतला संपणारी दहा मैलांची शर्यत एकदा तरी पुरी करायची, एवढंच माझं मागणं. पहिल्या वर्षी निम्म्यातच बसलो. तेव्हा देवाला बोललो, शर्यत पुरी होईपर्यंत दर रविवारी दिवस मावळेस्तोवर पाणीसुद्धा घेणार नाही. आणि शर्यत नेमकी रविवारीच असायची! दुसऱ्या वर्षीही बसलो, तर वाटलं, आपलीच भक्ती कमी पडली. उपास सोडायचा विचार मनाला शिवलाही नाही. राग मात्र साठत गेला.

तिसऱ्या वर्षी भांडगावच्या पुढं डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी रस्त्याकडेला बसलो. सगळे पुढं निघून गेले. मग माझं तोंड सुटलं. देवाला नाव घेऊन, मोठमोठ्यानं शिव्या घातल्या. लिहितानाही लाज वाटते, पण राग खरा होता.

शेजारच्या वावरात कांदे खुरपणारी एक म्हातारी हातातल्या खुरप्यासकट बांधावर आली.

"कुनाला शिव्या देतुयास रं?"

मी नवस सांगितला. ती माझ्याहून भडकली.

"त्यानं मागितला व्हता का उपास? तूच बोलायचं, तूच उपाशी ऱ्हायचं, आन् शिव्या त्याला? मी बी रविवार धरते. पर खुरपायला जायचं आसलं की भाकरी खाऊन निघते. त्याला काय कळत न्हाई व्हय?"

तिनं गुळाचा खडा माझ्या तोंडात जवळजवळ कोंबलाच आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. "पी. पाप लागलं तर माझ्या माथी."

घटाघटा प्यायलो आणि ढसाढसा रडलो. ज्याला मी भक्ती म्हणत होतो, तो निव्वळ हट्ट होता. थोड्या वेळानं उठलो. पळत, चालत यवतला पोचलो तेव्हा मांडव सोडत होते. शेवटचा आलो, पण आलो.

पुढच्या आठवड्यात नारळ घेऊन तिच्याकडं गेलो. तिनं ओळखलंच नाही. "कोन तू? मी रोज कुना ना कुनाला बोलतेच की."

देव भेटला असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी मला वेळेवर कुणीतरी रागावलं, त्याचे उपकार मोठे आहेत. अजूनही रविवारी न्याहारी करून धावायला निघतो. देवाला हात जोडतो, पण आता त्याला काही ठरवून देत नाही.