सावरीची गादी

शहापूरच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी अंगणात गादीवर सोडा भुरभुरत होते. वहिनी, म्हणजे माझी मोठी जाऊ, चार दिवस तिथे होती. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या बाईची गादी एरवी इतका वेळ मोकळी सापडते कुठे? ती परत यायच्या आत डाग काढून, उन्हं देऊन तयार ठेवू म्हटलं. फोनवर दादा होते, तिचे यजमान. एवढंच म्हणाले, "ती गेली गो." मी म्हटलं, "बरं." अगदी असंच... बरं. फोन ओट्यावर ठेवला, उरलेला सोडा पसरला आणि बारा वाजता गादी दुसऱ्या बाजूवर परतली. आता रडू येईल, मग येईल, अशी वाट पाहिली. दोन महिने होत आले, काही आलेलं नाही.

ती गादी सावरीच्या कापसाची होती. आमच्या वैशाखऱ्याच्या बाजूला डोंगरात सावरी पुष्कळ. उन्हाळ्यात बोंडं तडकली की वहिनी वारा सुटायच्या आत पिशवी घेऊन निघायची. असे चार उन्हाळे तिने कापूस गोळा केला, त्यातल्या बिया निवडल्या, म्हशाच्या जत्रेतून पट्ट्यांचं जाड कापड आणलं आणि दाभणाने गादी स्वतः शिवली. लग्न होऊन मी या घरात आले ते शाळेत शिकवायची ऐट घेऊन. माझा मुलगा तान्हा असताना त्याने ती गादी भिजवली, तर या शहाण्या बाईने तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि ब्रशने घासली! वहिनी शेतावरून आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अगो, गादी हाय ती. म्हैस नाय पान्यात घालाला." बास, एवढंच बोलली. मग आठ दिवस ती गादी उसवून काढलेला कापूस उन्हात, वर जुनं पातळ ताणून, बोटांनी मोकळा करत बसली. सावरीचा कापूस एकदा भिजला की गोळे होतात आणि उघडा ठेवला तर उडून जातो. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिने मात्र ही गोष्ट माझ्या माहेरी कधी सांगितली नाही.

गेल्या वर्षी तिला लकवा झाला. मी तोवर निवृत्त झाले होते, तेव्हा तिचं सगळं माझ्याकडे आलं. दर दोन-तीन दिवसांनी तिला ओटीवरच्या खाटेवर निजवायचं, मेणकापड धुवायचं, खोळ काढायची, डागावर लिंबू-मीठ लावून घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपायचं आणि गादी उन्हात टाकायची. खाटेवरून हुकूम सुटायचे, जीभ जड झाली होती तरी. "थोपट गो, मारू नको. तिनं काय केलंय तुझं?" बारा वाजले की, "परत तिला." उन्हं उतरायच्या आत, "आत घे, गारवा धरंल." मी कधी कधी चिडायचे. एकदा म्हटलंसुद्धा, "एवढा जीव कधी दादांवर टाकला असता तर!" ती अर्ध्या तोंडाने हसली. दादा आतून खोकले.

अशाच एका दुपारी ती म्हणाली, "सुमन, मी गेल्यावर लोक ही गादी वढ्यापल्याड नेऊन टाकतील. टाकू देव नको. तू घे. तुझी कंबर दुखते." आमच्याकडे गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. मी म्हटलं, "कशाला मरणाच्या गोष्टी?" तरी तिने माझा हात धरून ठेवला. मी म्हटलं, "ठेवीन." तेव्हा सोडला.

तिला घरी आणलं तेव्हा गादी अंगणातच होती, स्वच्छ, फुगलेली. बायका कुजबुजल्या, मेलेल्या बाईची गादी कोण साफ करतं का म्हणून. दहाव्याला भावकीतले दोघे ती न्यायला आले आणि विचारलं, "न्यायची ना?" दादांनी माझ्याकडे बघितलं. गावात माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. पाण्याच्या टाकीवरून मी भर ग्रामसभेत सरपंचाला गप्प केलेलं आहे. एक वाक्य बोलायचं होतं. समोर इतकी माणसं होती, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या गादीवर झोपायची भीती वाटली. हो, भीती. मी म्हटलं, "न्या." त्यांनी गुंडाळी केली, सुतळी बांधली आणि घेऊन गेले. मी आत येऊन भांडी घासली.

गेल्या आठवड्यात दादा चहा पिताना म्हणाले, "तुला तिनं गादीचं काय सांगितलं व्हतं का? मला वाटलं, सांगितलं असंल. तू बोलशील म्हनून मी गप ऱ्हायलो. तू बोल्ली असतीस तर मी कुनाला हात लावू दिला नसता."

"नाय," मी म्हटलं. "मला काय नाय सांगितलं."

ते "बरं" म्हणाले आणि कप खाली ठेवला.

वहिनीच्या पलंगावर आता नुसत्या फळ्या आहेत. दादा रविवारी सकाळी तिथेच बसून पेपर वाचतात, चष्मा नाकावर घेऊन, पुरवणीसकट, शेवटच्या ओळीपर्यंत. तोंडाने सांगायला दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि दोनदा परत आले... म्हणून इथे, त्यांच्या रविवारच्या पुरवणीत लिहिते.

दादा, तिनं सांगितलं होतं.