मेडलची पिन टोचली नव्हती

"हवालदार साब, ये ब्रेस्ट कॅन्सर है," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी म्हणालो, "मॅडम, रिपोर्ट बदल गया होगा. किसी लेडीज का होगा."

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. नाव माझं, वय माझं, सर्व्हिस नंबरही माझाच. वय वर्षं एकसष्ट, निवृत्त हवालदार, मिशा अजून पीळदार. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने, सुमनने, माझा हात घट्ट धरला. मॅडम तेलुगू, पण आमच्यासाठी हिंदीत सावकाश बोलत होत्या. "मर्दों को भी होता है. कम होता है, इसलिए देर से पता चलता है."

देर कशी झाली ते सांगतो. ती माझीच करणी.

आमचं गाव गुडीहत्नूरजवळ, सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात. दर सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला मी तिन्ही मेडलं लावून जातो. गेल्या वर्षी घरी येऊन शर्ट काढला तर डाव्या छातीवर बनियनला रक्ताचा ठिपका. मेडलची पिन टोचली असणार, दुसरं काय? हळद लावली आणि विसरलो. खाली हरभऱ्याएवढं काहीतरी कडक लागत होतं, तेही पिनेच्याच नावावर टाकलं. फौजी माणूस पिनेसाठी दवाखान्यात जात नाही.

यामागे पलटणीतली सवय आहे. सकाळी ज्याला बरं नसेल त्याने सिक रिपोर्ट करायचा, म्हणजे आजारी म्हणून नाव द्यायचं. आमचे सुभेदार साहेब, आमच्याच भागातल्या भैंशाचे, त्या रांगेसमोर उभे राहून विचारायचे, "काऊन रे, आज काय दुखून राह्यलं? परेड दुखून राह्यली का?" सगळी पलटण हसायची. सव्वीस वर्षांत मी त्या रांगेत दोनदा उभा राहिलो, तेही मलेरियाने तापलेला असताना. छाती मात्र कितीदा तरी मोजून घेतली. फुगवून, ताठ उभा राहून. तिच्यात गाठही होऊ शकते हे कधी मनातच आलं नाही.

एप्रिलमध्ये बाबासाहेबांची जयंती आली. पांढरा शुभ्र शर्ट घालून मिरवणुकीत गेलो. परत आलो तर खिशाच्या खाली पुन्हा तोच ठिपका. मी म्हणालो, घामोळं खाजवलं असेल.

सुमन शर्ट हातात घेऊन उभी राहिली. "अवो, आज तं तुमी मेडल लावलंच नाई. मंग टोचलं कशानं?"

शत्रूच्या गोळीपुढे काही सुचलं असतं, बायकोच्या त्या प्रश्नापुढे सुचेना. दुसऱ्याच दिवशी तिने मला माजी सैनिकांच्या दवाखान्यात नेलं. तिथे याच डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी दिली मॅमोग्राफीची, म्हणजे छातीचा खास एक्सरे.

त्या तपासणी केंद्राच्या दारावर पाटी होती, 'फक्त महिलांसाठी'. बाकावर सात-आठ बाया. मी आणि सुमन शेवटी बसलो. सगळ्यांना वाटलं, पेशंट ती. नाव पुकारलं तसा मी उठलो आणि बाया माझ्याकडे बघायला लागल्या. आतली मुलगी म्हणाली, "अंकल, आंटी को भेजो." मी म्हणालो, "आंटी ठीक है. मैं खराब हूँ." इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी परत फिरणार होतो, पण सुमन दारात आडवी उभी होती.

मग बायॉप्सी झाली, म्हणजे जाड सुईने गाठीतला तुकडा काढून तपासतात. आठ दिवसांनी रिपोर्ट, आणि ते वाक्य जे वर सांगितलं. मॅडमनी विचारलं, घरात आधी कुणाला? आत्याला झाली होती छातीत गाठ. सुगीत ज्वारी सोंगायला जायची, कोणाला सांगितलं नाही तिने, पदराखाली झाकून ठेवली आणि गेली. मॅडम म्हणाल्या, हे घराण्यातून उतरू शकतं, तुमच्या मुलीची पण तपासणी करू. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. माझं सोडा, पण माझी प्रज्ञा शाळेत शिकवते, तिची पोरगी चार वर्षांची आहे.

मे महिन्यात हैदराबादला ऑपरेशन झालं. मॅस्टेक्टॉमी, म्हणजे डावी छाती आणि काखेतल्या गाठी काढल्या. दोन गाठींपर्यंत आजार पोचला होता. जानेवारीत आलो असतो तर कदाचित इतकं कापावं लागलं नसतं. मॅडमनी हे रागाने नाही सांगितलं, मी विचारलं म्हणून सांगितलं.

मग केमोथेरपी, म्हणजे शिरेतून कडक औषध, दर तीन आठवड्यांनी. मिशा गेल्या. प्रज्ञाची पोरगी म्हणाली, "आजोबा, तुमी आता छान दिसून राह्यले." त्या दिवशी मी आजारपणात पहिल्यांदा पोट धरून हसलो. प्रज्ञाचा रिपोर्ट स्वच्छ आला. तो फोन ठेवून मी आणि सुमन दोघंही रडलो, आणि लपवलं नाही.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आमच्या भागातले सगळे निवृत्त जवान माजी सैनिकांच्या दवाखान्यात जमतात. केमो नुकतीच संपली होती. मी मॅडमना म्हणालो, "इतने लोग फिर कब मिलेंगे?" त्यांनी छातीच्या तपासणीसाठी एक बाजूची खोली दिली, पडदा लावला, एक सिस्टर बायांसाठी आणि एक डॉक्टर पुरुषांसाठी. पुरुष एकही उठेना. जवानांच्या बायका गेल्या, नवरे चहा पीत बसले.

मग मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर शर्ट काढला. डावीकडे सपाट, वर आडवी लांब खूण. म्हणालो, "हे गोळीचं नाई. मी लाजलो त्याचं आहे."

कुणी हसलं नाही. मागच्या खुर्चीतून काठी टेकत सुभेदार साहेब आले. आता ऐंशीच्या घरात. माझ्यासमोर थांबले, शर्टाचं वरचं बटण काढलं.

"हवालदार, मायं नाव लिहून घे. सिक रिपोर्ट."

त्यांच्यामागे रांग लागली. साहेबांच्या छातीला सूज निघाली, ती हृदयाच्या औषधाने आलेली, कॅन्सर नव्हता. पण वांकिडीकडच्या एका निवृत्त नायकाला छोटी गाठ निघाली. अगदी लवकर. त्याचं ऑपरेशन झालं, तो बरा आहे. आणि तपासणी केंद्राच्या दारावरची ती पाटी आता नाही. मी तिथल्या त्या मुलीला आणि मॅडमना मनापासून धन्यवाद दिले. सुमनला द्यायला मात्र मला शब्द सापडत नाहीत.

तुम्ही वाचणारे जे कोणी असाल, बाई असा की पुरुष, आंघोळ करताना छातीला एकदा हात लावून बघा. कडक लागलं, रक्त दिसलं, तर कारणं शोधत बसू नका, दवाखान्यात जा.

रेडिएशन, म्हणजे किरणांचे उपचार, संपवून या सव्वीस जानेवारीला मी पुन्हा शाळेत निघालो. मेडलं सुमनने लावली. डावीकडे आता बधिर आहे, पिन टोचली तरी कळत नाही. तिला ते माहीत आहे.

तरी ती म्हणाली, "टोचलं तं सांगजा बरं."

"सांगतो," मी म्हणालो.