धावणं थांबलं, गोळी तीच राहिली

"मेंदूत रक्तस्राव आहे," डॉक्टर म्हणाल्या, "आणि आयएनआर फार वाढलाय." आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा. मी म्हटलं, "अहो, पण ती तर मॅरेथॉनवाली!" काय बोलतोय मी, असं मलाच वाटलं. सुनीताला, माझ्या बायकोला, तेव्हा माझं नावही सांगता येत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या पायातली गुठळी फुफ्फुसात गेली होती. तेव्हापासून वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, रोज. बरी झाली आणि बाई हाफ मॅरेथॉनच्या मागे लागल्या. मलाही ओढायची. "पाय उचल की रे!" पळणं वाढलं तसा गोळीचा डोसही वाढवावा लागला. त्या दोन गोष्टी कुणी जोडल्याच नाहीत.

दिवाळीनंतर नोएडात धूर दाटला. घरात बसा, सगळे म्हणाले. मी तर खूश. चलो, पहाटेचा गजर सुटला! आयएनआरची नेहमीची रक्ततपासणीही राहिली. "हवा सुधारली की जाऊ यार," ती म्हणाली. हिरड्यांतून रक्त आलं, आम्ही ब्रश बदलला. डोकं दुखलं, धुराला शिव्या घातल्या. मग एका सकाळी चहा गाळताना तिची जीभ अडखळली आणि गाळणं हातातून पडलं.

"कुछ बदला था? नई दवा? खाना?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुछ नहीं. बस, दौड़ना बंद था."

त्यांनी फाइलमधले जुने डोस चाळले. मग समजावलं: लांब पल्ल्याचा सराव असलेल्या काही जणांचं शरीर ही गोळी लवकर निकामी करतं. डोस त्या पळणाऱ्या शरीराच्या मापाचा असतो. पळणं थांबलं की तोच डोस जास्त होऊ शकतो. सगळ्यांचं होत नाही, हिचं बहुधा झालं.

रक्तस्राव थांबवायचं औषध द्यावं, तर पुन्हा गुठळीची भीती. न द्यावं, तर रक्त. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी डॉक्टरांनी औषध दिलं. आयसीयूबाहेरच्या लोखंडी खुर्चीवर मी कधी देवाला शिव्या घातल्या, कधी त्याचे पाय धरले. पळू दे रे तिला, चार वाजता उठू दे, चहा मी करतो. मला वाटलं, गेली ही. खरंच वाटलं.

शुद्धीवर आल्यावर तिने खिडकीकडे बघितलं आणि जड जिभेने विचारलं, "हवा कशी आहे?" नर्स हसली. मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडलो.

तुमच्या घरी कुणी ही गोळी घेत असेल, तर हात जोडून सांगतो: व्यायाम वाढवा, कमी करा, बंद करा, पण आधी डॉक्टरांना कळवा. डोस आपल्या मनाने बदलू नका. तपासणी चुकवू नका, हवा कशीही असो.

सुनीता आता पळत नाही. उजवा पाय थोडा ओढला जातो. रोज तितकंच चालायचं, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. धुराच्या दिवसांत आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारतो, ती पुढे, मी कुरकुरत मागे. काल ती वळून म्हणाली, "पाय उचल की रे!"

उचलला.