हवालदार रेणुसेंचं लॉगिन

मी मूळची कामथडीची. लष्कराच्या सिग्नल्समध्ये मेजर होते. शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात. गावाकडे लोक विचारतात, बंदूक चालवली का? चालवली, फायरिंग रेंजवर. माझं काम युनिटचे कॉम्प्युटर राखायचं होतं.

प्रत्येक कॉम्प्युटरवर टेहळणीचं सॉफ्टवेअर असे. कोणी, कधी, काय उघडलं, ते माझ्या स्क्रीनवर दिसे. इशारा आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरायचं नाही. कोणीतरी आत शिरलंय असं समजून रोज पीटीनंतर शोधायचं. बहुतेक दिवस काही सापडत नसे. अशा दिवशी झोप कमी लागे.

एका मंगळवारी सकाळी १०४० वाजता एमटी ऑफिसात, म्हणजे गाड्यांच्या कचेरीत, हवालदार बबन रेणुसे यांचं लॉगिन चालू दिसलं. गुंजवण्याचे रेणुसे चार महिन्यांपूर्वी दरडीखाली गाडीसकट गेले होते. त्याच खात्यात दुपारी १४०० वाजता निघणाऱ्या कॉन्व्हॉयचा, लष्करी ताफ्याचा, रस्ता आणि थांबे होते.

मी एमटी ऑफिसला फोन लावला. वरव्याच्या नाईक भोरडेने उचलला.

"म्याच हाय, मॅडम. रेणुसे दादांचा पासवर्ड समद्यांना ठावं. ते रजेवर असायचे तवाबी आमी त्यांच्याच नावानं हजर."

बोलता बोलता मी जुन्या नोंदी चाळल्या. "मागच्या रविवारी रेशन स्टोअरमधून हेच खातं कोणी उघडलं?"

"तवा मी गावी हुतो, मॅडम."

खातं बंद करायचा फॉर्म चार महिने माझ्याच ट्रेमध्ये होता. सही राहून गेली, असं म्हणणार नाही. मी केली नव्हती. ती तेव्हा केली. १०५२ ला दोन्ही कॉम्प्युटर नेटवर्कवरून तोडले.

सीओंनी, म्हणजे युनिटच्या प्रमुखांनी, विचारलं, "पुरावा?"

"खातं वापरल्याचा आहे, सर. रस्ता पाहिल्याचा नाही."

"सल्ला?"

"कॉन्व्हॉय थांबवा."

तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने गेला. सगळे परतले. चौकशीत तो फॉर्म मीच पुढे ठेवला. रविवारी रेशन स्टोअरमध्ये कोण बसलं होतं, ते मात्र निघालं नाही. मी अजून त्यावर विचार करते.

रजेवर आल्यावर गुंजवण्याला गेले. रेणुसेंच्या पत्नी भाताच्या खाचरात होत्या. दादांचं नाव कॉम्प्युटरात अजून चालतं, असं भोरडेने त्यांना कधीतरी सांगितलं होतं.

"हाय का वो अजून?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. मीच बंद केलं, आणि का, तेही सांगितलं.

त्यांनी पाटाच्या पाण्यात हात धुतले. "बरं केलं. त्यांच्या नावानं दुसरं कुणी हिंडाय नगं."