कोळशाची रेघ

"दुखस, ते कोन देखस?" विंचू चावलेलं माणूस समोर आणलं की आबा आधी हेच विचारत. दुखतंय ते पाहतंय कोण? मग कानावर खोचलेला कोळशाचा तुकडा काढत आणि कळ जिथवर चढली असेल तिथे पायावर एक रेघ ओढत.

आबा धुळ्यात आमच्या जिनाचे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे पहारेकरी, मी तिथला कारकून. कापसाच्या ढिगांखाली विंचू फार, त्यामुळे फाटक सांभाळण्यापेक्षा आबांना हेच काम जास्त. लोक म्हणत, त्यांच्याकडे मंत्र आहे. मी कान देऊन ऐकलंय. "कोठलोंग उना?" एवढंच विचारत, कुठपर्यंत आला? विव्हळणाऱ्याला आपलीच कळ नीट न्याहाळून जागा दाखवावी लागे. न्याहाळता न्याहाळता तो निम्मा शांत होई.

माझीही पाळी आली. गोदामाच्या अंधारात तळपायाला डंख बसला आणि मी अशी बोंब ठोकली की ती पांझरा नदीपलीकडे ऐकू गेली, असं आमच्या घरी अजून सांगतात. आबांनी रेघा ओढल्या. घोटा, पोटरी, गुडघा. कळ मांडीवर आली तेव्हा मी बायकोसाठी निरोप सांगायला लागलो होतो. आबांनी तळपाय उजेडाकडे वळवला आणि चिमटीने काहीतरी उपटलं.

"इचू नई, भाऊ. बाभुयना काटा शे."

"पण मांडीपर्यंत चढलं होतं, आबा."

"चढनं ना. काटा तर तठेच व्हता."

पुढे महिनाभर जिनातल्या बाया मला 'इचूभाऊ' म्हणत.

दुसऱ्या महायुद्धात आबांचा एकुलता पोरगा फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेला. त्याची पत्रं मीच वाचून दाखवायचो. मग ती यायची थांबली. एका दुपारी आबा फाटकाशी नुसतेच बसले होते. मी मोठा शहाणा, त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. दुखतंय ते पाहतंय कोण, आबा?



"माले दुखस, भाऊ," आबा म्हणाले. "आन देखनारा बी रडी ऱ्हायना."

पाहणाराही रडत होता. मला तोंड कुठे लपवावं कळेना. तेवढ्यात आतून हाक आली, एका बाईला विंचू चावला होता. आबांनी उपरण्याने डोळे पुसले आणि उठले.

पोस्टमन तर आमचं फाटकच टाळू लागला. आमचं टपाल समोरच्या दुकानात टाकून निघून जाई. आबांनी एकदा त्याची सायकल अडवली.

"पत्र नई, ते तुना काय दोस शे? ये, पानी पी."

त्या दिवसापासून तो रोज थांबे. त्याच्या पिशवीकडे आबा बघतसुद्धा नसत, असं लिहायचा मोह होतो. पण बघत. बघून मग तांब्या पुढे करत.

पत्र आलंच नाही. एका उन्हाळ्यात आबाही गेले. दुसऱ्या दिवशी पोस्टमनने टपाल माझ्या हातात दिलं, तरी तो जागचा हलेना. आबांच्या रिकाम्या बाकाकडे बघत, सायकल धरून तसाच उभा. मला कळायला जरा वेळ लागला. मग मी आत जाऊन पाणी आणलं.