टेंपलरच्या घरचं निशाण

अमादेऊला गुडघ्यांनी दगा दिला आणि तिथूनच सगळी भानगड सुरू झाली. गढीखालच्या गल्लीतलं, गाव ज्याला 'टेंपलरचं घर' म्हणतं ते तिमजली दगडी घर त्याने विकलं आणि बायकोला, सिन्ताला, घेऊन तो खाली रस्त्यालगतच्या नव्या इमारतीत राहायला आला. लिफ्ट होती, ऊन होतं, बस दारात थांबत होती. सिन्ता खूश आणि सुरुवातीला तोही खूश.

मग एका सकाळी सिस्कोच्या बारमध्ये तो नेहमीसारखा कॉफीची वाट बघत बसला होता. सिस्कोने हाक मारली, "टेंपलर, कॉफी घे रे!" अमादेऊ गुडघे सावरत उठेपर्यंत वासिले येऊन कप घेऊन गेलासुद्धा. हा वासिले म्हणजे रुमानियाचा गवंडी. अमादेऊचं घर त्यानेच घेतलं होतं.

"आणि माझी?" अमादेऊने विचारलं.

"देतो की, वजनकाट्या! पळून चाललीय का कॉफी?"

आमच्याकडे आडनाव लागतं ते सरकारला. गावात माणूस घराच्या नावाने ओळखला जातो. घर बदललं की नावही बदलतं. नवी इमारत उभी राहिली त्या जागी पूर्वी द्राक्षांच्या गाड्या तोलायचा काटा होता, म्हणून अमादेऊ झाला वजनकाट्या. त्याचं पोट बघता ते नाव त्याला शोभतही होतं, पण तेवढं तोंडावर बोलायची कुणाची छाती झाली नाही.

नाव त्याने गिळलं असतं एक वेळ. पण निशाणाचं काय? जानेवारीत संत अंतोनीच्या सणाला गावातली सगळी जनावरं पाद्रीबाबांकडून आशीर्वाद घ्यायला निघतात, आणि मिरवणुकीच्या पुढे टेंपलरच्या घरचा माणूस घोडीवर बसून निशाण धरतो. पांढरं कापड, त्यावर लाल क्रूस. वडील गेल्यापासून ते अमादेऊच्याच हातात होतं. वर्षभर ज्याला बायकोसुद्धा जुमानत नाही, त्याच्याकडे त्या दिवशी सगळं गाव मान वर करून बघायचं. सणाचा कारभार यंदा सिस्कोकडे होता, आणि त्याने सरळ सांगून टाकलं, "निशाण घराचं. घर वासिलेचं. संपला विषय."

"घराचं नाही, रक्ताचं आहे ते!" अमादेऊ कडाडला. "मी टेंपलरांचा वंशज आहे!"

"मग कर की सिद्ध. सण अजून लांब आहे."

आठशे वर्षांपूर्वी हे टेंपलर आमच्या गढीत राहायचे. अर्धे साधू, अर्धे शिपाई. बंद दाराआड काय विधी करायचे ते कुणालाच कळू देत नसत, त्यामुळे आता ज्याला जे वाटेल ते तो सांगतो. राजाने त्यांची गठडी वळली तेव्हा एक जण खालच्या घरात लपला आणि तिथेच रमला, असं अमादेऊचे आजोबा सांगायचे. आजोबा खोटं बोलत नसत, फक्त वाइन जरा जास्त घेत.

झालं! अमादेऊ कामाला लागला. नळीत थुंकून ती कुठल्याशा प्रयोगशाळेला पाठवली. उत्तर आलं की तुमचे पूर्वज दक्षिण युरोपातले. "हे तर मी फुकटात सांगितलं असतं," सिन्ता म्हणाली. मग तो तिला गढीवर घेऊन गेला, गुडघे चोळत, कण्हत. तिथल्या एका टेंपलरच्या दगडी मुंडक्याशेजारी आपलं तोंड एका बाजूला वळवून उभा राहिला.

"नाक बघ नाक! काढ फोटो!"

"अरे, त्याला नाक आहेच कुठे? कधीच तुटलंय ते."

"तुटण्याआधी असंच असणार."

"आणि एक सांग," सिन्ता म्हणाली, "हे लोक ब्रह्मचर्याची शपथ घेत ना? मग तू आलास कुठून? चारचौघांत छाती फुगवून सांगतोस, जरा तरी लाज वाटते का?"

पण माघार घेईल तो अमादेऊ कसला! शेवटचा उपाय म्हणून तो शेजारच्या शहरातल्या वृद्धाश्रमात गेला. तिथे त्याची आत्या होती, किटेरिया. शंभरीला टेकलेली, पण डोकं ठणठणीत. तिच्या आवडीच्या, भोपळ्याचा मुरंबा भरलेल्या करंज्या त्याने नेल्या होत्या.

"टेंपलर? आपण?" आत्या इतकी हसली की करंजीची साखर सगळी अंगावर सांडली. "अरे बाळा, माझा आजा म्हणजे तुझा पणजोबा. डुकरं खच्ची करायचा तो! शिट्टी वाजवत गावोगाव हिंडायचा. आपल्या गावात आला तो तापाने फणफणत. त्या घरात मोद्रोना नावाची म्हातारी एकटीच होती, मूल ना बाळ. तिने त्याला ठेवून घेतलं. पुढे त्यानेच तिचं सगळं केलं, आणि तिने घर त्याच्या नावावर केलं."

"म्हणजे रक्त..."

"थेंबभर नाही."

"आणि निशाण?"

आत्याचं हसू थांबलं. "गाव पेटलं होतं रे. डुकरंवाल्याच्या हातात संतांचं निशाण? शोभतं का? तर ती म्हातारी काठी टेकत भर चौकात आली आणि स्वतःच्या हाताने त्याला निशाण दिलं. कुणाची हूं की चूं करायची हिंमत झाली नाही. आजा हे सांगायला लागला की त्याला रडू यायचं. एवढा दांडगा माणूस, पण रडायचा."

अमादेऊ बसने परत आला. सिन्ताला म्हणाला, आत्या बरी आहे. सिस्कोला म्हणाला, चौकशी चालू आहे. आत्याचं ऐकायला तिथे दुसरं कोणी नव्हतंच. पण त्याचं जेवण कमी झालं, आणि अमादेऊने दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे सिन्ता ओळखून होती.

सणाच्या आदल्या दुपारी वासिले दारात उभा. हातात कापडात गुंडाळलेलं निशाण.

"सेन्योर अमादेऊ, हे तुम्हीच घ्या. लोक कुजबुज करतात. मला या गावात राहायचंय, भांडण नको. उद्या मी आजारी पडतो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. अमादेऊने निशाण हातात घेतलं. पुराव्याची कटकटच मिटली होती. काठी तळहाताला अशी बसली की सोडवेना. त्याने ती बराच वेळ धरून ठेवली. मग खेकसला, "घोडीवर बसता येतं का?"

"येतं. का?"

"मग आजारी कसला पडतोस! उद्या वेळेवर ये. काठी डाव्या हातात धरायची, नाहीतर पाद्रीबाबांची टोपी उडते. माझ्या हातून उडालीय."

दुसऱ्या दिवशी चौकात शेकोटी पेटली होती. गाढवं, कुत्री, कोंबड्या, अख्खं गाव जमलं होतं. अमादेऊ निशाण घेऊन पुढे आला, आणि पुरावा सापडला म्हणायचा, असं समजून सिस्को बाजूला झाला.

"माझा पणजोबा डुकरं खच्ची करायचा!" अमादेऊ ओरडून म्हणाला. "बाहेरून आलेला माणूस होता. हे निशाण त्याला त्या घरामुळे मिळालं."

गाव असं हसलं की गाढवंसुद्धा बिचकली. "ब्रह्मचाऱ्यांच्या घराला माणूस बरोबर मिळाला!" मागून कोणीतरी ओरडलं. त्या हशातच अमादेऊने निशाण घोडीवर बसलेल्या वासिलेच्या डाव्या हातात दिलं आणि तो मागे सरला. सिन्ता त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

घोडी निघाली तशी लोकांनी आरोळी दिली, "टेंपलर! टेंपलर!" अमादेऊचा हात इतक्या वर्षांच्या सवयीने आपोआप वर गेला. सगळ्यांना दिसला, पण कोणी हसलं नाही. सिन्ताने तो हात हळूच धरला, खाली आणला आणि मिरवणूक वळणाआड जाईपर्यंत सोडला नाही.